मशीन दिवसातून किती वेळा लावलं तर चालतं?

डॉक्टर, नमस्कार. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. चार वर्षांचा असल्यापासून त्याला बालदमा आहे. मागच्या वर्षी दोनदा अ‍ॅडमिट करावं लागलं. दुसऱ्या वेळी घरी सोडताना नेब्युलायझर, म्हणजे औषधाचं धुकं करून श्वासातून देणारं मशीन, घेऊन ठेवा म्हणाले, म्हणून घेतलं. कागदावर ‘ड्युओलिन एसओएस’ एवढंच लिहिलंय. आम्ही फलटण तालुक्यात राहतो, घराच्या तिन्ही बाजूंना ऊस. तोडणी झाली की पाचट पेटवतात आणि याची छाती भरते. दिवाळीपासून रोज एकदा तरी मशीन लावतोच, कधी तीनदा. लावलं की दहा मिनिटांत मोकळा होऊन खेळायला पळतो, पण हात थरथरतात, छाती धडधडते म्हणतो. रोज घ्यायचा एक पंपही दिला होता. तो स्टिरॉइडचा आहे आणि पंपाची सवय लागते असं सासूबाईंचं म्हणणं, म्हणून उन्हाळ्यात बंद केला. गेल्या आठवड्यात रात्री दोनला लाईट गेली. मुलगा उठून बसलेला, दम लागलेला, आणि मशीन बंद. पाऊण तासाने लाईट आली. तो पाऊण तास मी कसा काढला ते माझं मला माहीत. विचारायचं असं, की मशीन दिवसातून किती वेळा लावलं तर चालतं? बुडेसोनाइडची कुपी त्यातच मिसळली तर चालेल का? मशीन धुवायचं कसं? आणि नणंद माहेरी आलीये, तिच्या सहा महिन्यांच्या बाळाचीही छाती घरघर करते, त्याला हेच लावू का?

— एक आई, फलटण तालुका

ताई,

सविस्तर लिहितोच, पण हे वाचून झालं की आधी एक काम करा. मुलाच्या डॉक्टरांकडे जा, उद्या नाहीतर परवा. रोज मशीन लागतंय, रात्री उठून बसावं लागतंय, म्हणजे दमा ताब्यात नाही. असं मूल तपासूनच औषध ठरवावं लागतं. पत्रावरून मी ते ठरवणार नाही.

आता तुमचा प्रश्न. ‘किती वेळा चालतं’ असं मला ओपीडीत नेहमी विचारतात, आणि विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो. चार, सहा, आठ, काहीतरी सांगा म्हणजे आम्ही तेवढं देऊ. माझ्याकडे आकडे आहेत, पण ते मशीन बंद करून दवाखान्यात कधी निघायचं याचे आहेत. एरवी बरा असताना आराम देणारं औषध, मशीनमधून असो की पंपातून, आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागायला लागलं की दमा बिघडतोय आणि रोजचं औषध पुन्हा बघायला हवं. दम्याने रात्री झोपेतून उठवलं, तर ते एकदा झालं तरी डॉक्टरांना सांगायचं. आणि अटॅक आलेला असताना, मशीन लावून मिळालेला आराम चार तासही टिकला नाही, तर त्याच दिवशी किंवा त्याच रात्री दवाखाना. सकाळची वाट बघायची नाही. लावूनही फरक पडलाच नाही, तर लगेच निघायचं.

असं का, ते थोडं बघू. दम्यात दोन भानगडी एकाच वेळी चालू असतात. श्वासनळीभोवतीचे स्नायू आवळतात, आणि नळी आतून सुजते, चिकट कफ धरते. ड्युओलिनच्या कुपीत लेव्होसालब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम अशी दोन औषधं आहेत. दोघांचं काम एकच, आवळलेला स्नायू सैल करायचा. म्हणून तो दहा मिनिटांत पळायला लागतो. सुजेला मात्र यातलं एकही औषध हात लावत नाही. चार-सहा तासांनी अंमल उतरतो आणि सूज होती तिथेच असते, कधी वाढलेली असते. गळक्या कौलाखाली पातेलं ठेवायचं, भरलं की ओतायचं आणि परत तिथेच ठेवायचं, असं तुमच्याकडे दिवाळीपासून चाललंय. कौल बदलायचं काम तुम्ही उन्हाळ्यात बंद केलेल्या त्या पंपाचं होतं.

मशीनचा मला मनापासून राग नाही. त्याने मुलं वाचतात, मी रोज वापरतो. माझा राग घरातल्या मशीनने जो धीर येतो त्याच्यावर आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत मीसुद्धा सरसकट सांगायचो, मशीन घेऊन ठेवा, रात्री-अपरात्री धावपळ नको. मग एका पहाटे एक मुलगी आली, नऊ-दहा वर्षांची. घरी संध्याकाळपासून पाच वेळा मशीन लावलं होतं. वडील म्हणाले, ‘डॉक्टर, घरघर होती ती आता थांबलीय, पण गप्प गप्प आहे.’ मी छातीला स्टेथोस्कोप लावला तर आत आवाजच नाही. घरघर ऐकू यायलासुद्धा हवा आत-बाहेर व्हावी लागते. तिच्या नळ्यांतून हवाच सरकत नव्हती. ऑक्सिजन, सलाईन, मोठ्या गावाला पाठवणं, सगळं झालं. मुलगी वाचली. तिच्या वडिलांना मशीन घ्यायला मीच सांगितलं होतं, आणि ते बंद करून कधी निघायचं ते सांगायला मीच विसरलो होतो.

हे माझ्या एकट्याच्या गावातलं नाही. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंची बारकाईने चौकशी झाली, २०१४ मध्ये तिचा अहवाल आला. त्यातली ४५ टक्के माणसं मदत न मागता, किंवा मदत पोचायच्या आतच गेली होती. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या औषध नियामक संस्थेने डॉक्टरांना लेखी बजावलं, की मुलांच्या दम्यासाठी घरी नेब्युलायझर द्यायचा तर तो तज्ज्ञानेच सुरू करावा आणि त्यानेच लक्ष ठेवावं. भीती हीच. मशीनने वरवर आराम पडतो, आतला आजार वाढत राहतो आणि दवाखान्यात पोचायला उशीर होतो. आपल्याकडे मात्र दुकानातून कुणीही मशीन आणतं आणि कुप्यांची पट्टी मेडिकलमधून सहज मिळते.

त्यात तो ‘एसओएस’. डॉक्टर लिहितात, त्यांच्या मनात ‘गरज पडली तर’ असतं. घरी तो ‘लागेल तितकं’ म्हणून वाचला जातो. आई-बापांची यात काही चूक नाही, तीन अक्षरांत दुसरं काय समजणार? तुम्ही डॉक्टरांकडे जाल तेव्हा तीन अक्षरं चालवून घेऊ नका. बरा असताना रोज काय द्यायचं, खोकला-घरघर सुरू झाली तर काय आणि किती, आणि कुठल्या खुणा दिसल्या की सगळं सोडून निघायचं, हे मराठीत लिहून मागा. वैतागले तरी मागा.

हात थरथरणं आणि धडधड या औषधाचीच. थोडी थरथर चालते, अर्ध्या-एक तासात उतरते. पण हिशोब बघा. आराम देणाऱ्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्राम सालब्युटामॉल असतं आणि अस्थालिनच्या, म्हणजे मशीनमध्ये घालायच्या सालब्युटामॉलच्या, एका कुपीत २.५ मिलिग्राम, म्हणजे नुसत्या आकड्याने पंचवीस दाबांएवढं. मशीनमध्ये बरंचसं औषध हवेत उडतं, औषध ओतायच्या कपात चिकटून राहतं, म्हणून पोटात-छातीत तेवढं जात नाही. तरी डोस मोठाच. तो पुन्हा पुन्हा गेला की नाडी पळते, रक्तातलं पोटॅशियम उतरतं. आणि रोज रोज दिलं की त्याचा गुण कमी येतो. सासूबाईंना सवयीची धास्ती आहे ना? त्यांची शंका रास्त आहे, फक्त ती मशीनला लागू पडते.

इथेच घरातली औषधांची पिशवी एकदा गादीवर उलटी करा. अस्थालिन म्हणजे सालब्युटामॉल. ड्युओलिनमध्ये त्याचाच भाऊ. नावं वेगळी म्हणून ‘याने उतरलं नाही तर ते देऊन बघू’ असं झालं की एकच औषध दुप्पट जातं. खोकल्याच्या कित्येक सिरपांतही सालब्युटामॉल, लेव्होसालब्युटामॉल किंवा टर्ब्युटालीन असतं. बाटलीमागचं बारीक अक्षर वाचा, चष्मा लावून वाचा. यातलं एखादं नाव दिसलं तर ती बाटली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय द्यायची नाही.

बंद केलेल्या पंपाबद्दल. त्यातलं स्टिरॉइड मायक्रोग्राममध्ये मोजतात आणि ते जिथे हवं त्या नळीवरच पडतं. उंचीवर परिणाम होतो का? होतो. वर्षानुवर्षं घेतलेल्या मुलांची उंची साधारण एक सेंटिमीटरने कमी भरते. तुमच्यापासून हे लपवण्यात अर्थ नाही. आता दुसरी बाजू बघा. मागच्या वर्षी दोनदा अ‍ॅडमिट केलं तेव्हा बहुतेक तोंडाने किंवा शिरेतून स्टिरॉइड दिलं असेल, डिस्चार्जच्या कागदावर बघा. ते मिलिग्राममध्ये असतं, आणि हजार मायक्रोग्रामचा एक मिलिग्राम होतो. तेही अंगभर फिरलेलं. म्हणजे स्टिरॉइड टाळायला पंप बंद केला आणि मागच्या दाराने तेच जास्त येणार, अशी गत. नुसत्या आराम देणाऱ्या औषधावर दमा सांभाळायचा नाही, सोबत सुजेवरचं औषध हवंच, हे २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शनात मोठ्यांसाठी आणि किशोरवयीन मुलांसाठी स्पष्ट लिहिलेलं आहे. लहानांचे डोस निराळे असतात, तत्त्व तेच. पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरायची आणि ती थुंकायची. पंप तुमचे तुम्ही जुन्या डोसवर सुरू करू नका. डोस या भेटीत नव्याने ठरू द्या.

त्या पाऊण तासाच्या रात्रीचं उत्तर चारशे-पाचशे रुपयांच्या आसपास मिळतं. त्याचं नाव स्पेसर. एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला माउथपीस किंवा मास्क लावायची प्लास्टिकची पोकळ नळी. लाईट लागत नाही, आवाज नाही, दप्तरात मावतो. अटॅक फार जोराचा नसेल तर पंप आणि स्पेसर मशीनइतकंच काम करतात, हे मुलांमध्ये नीट तपासलं गेलंय. लोकांना पटत नाही, कारण मशीन घुर्रर्र करतं, धूर दिसतो, काहीतरी मोठं चाललंय असं वाटतं. स्पेसरमधून काहीच दिसत नाही.

करायचं असं. पंप चांगला हलवा, स्पेसरला लावा, एकच दाब द्या, आणि मुलाला त्यातून संथ पाच-सहा श्वास घेऊ द्या. अर्धा मिनिट थांबा. पुन्हा हलवा, पुन्हा एकच दाब. दोन-तीन दाब एकदम मारले तर औषध नळीच्या भिंतीला चिकटतं, छातीत जात नाही. सहा वर्षांपुढच्या मुलाला अटॅकमध्ये साधारण ४ ते १० दाब असे सुटे सुटे देतात. तुमच्या मुलाला नेमके किती आणि किती वेळाने परत, ते त्या मराठी कागदावर आलं पाहिजे. निळा पंप आरामाचा, रोजचा वेगळा. रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून दोन्हींवर स्केचपेनने ‘रोज’ आणि ‘दम लागल्यावर’ असं लिहून ठेवा. माझ्याकडे अटॅकमध्ये रोजचाच पंप तासभर देत बसलेली मंडळी आली आहेत.

डॉक्टरांनी मशीन चालू ठेवायला सांगितलं तर ते नीट वापरा. पहिलं म्हणजे याला ‘वाफ’ म्हणणं सोडा. आपण सगळेच म्हणतो, मीही म्हणतो, पण त्या शब्दाने घोटाळे होतात. हे औषधाचं थंड धुकं आहे. गरम पाण्याच्या वाफेने दमा उतरत नाही, आणि पातेलं कलंडून भाजलेली पोरं दरवर्षी येतात. ‘वाफच आहे ना’ म्हणून कपात निलगिरीचं तेल, बाम, ओव्याचं पाणी घालणारेही भेटलेत. तेल फुप्फुसात जाणं फार वाईट. कपात फक्त लिहून दिलेली कुपी, आणि सांगितलं असेल तर ०.९ टक्क्यांचं सलाईन. नळाचं पाणी नाही, उकळून गार केलेलंही नाही. साध्या पाण्याच्या धुक्याने श्वासनळ्या उलट आवळतात.

मुलाला ताठ बसवा, झोपेत लावू नका. सात वर्षांच्या पोराला माउथपीस जमतो, तोच वापरा. मास्कच असेल तर नाकाजवळ घट्ट बसला पाहिजे. चार बोटं लांब धरून ‘तोंडावर सोडलं’ तर बहुतेक औषध खोलीला मिळतं. ड्युओलिन डोळ्यांत गेलं तर बाहुली मोठी होते, दिसायला अंधुक होतं, म्हणून वरून गळती नको. पाच ते दहा मिनिटांत कप थुंकल्यासारखा आवाज करायला लागतो. कपाला टिचकी मारा, थेंब खाली उतरतील, पुन्हा तसाच आवाज आला की बंद करा. अर्धी उरलेली कुपी संध्याकाळसाठी ठेवायची नाही.

बुडेसोनाइड, म्हणजे सुजेवरचं स्टिरॉइड, मिसळायचं का? डॉक्टरांनी तसं लिहून दिलं असेल तर मिसळतात. लिहिलं नसेल तर आधी आरामाचं, नळ्या मोकळ्या झाल्यावर बुडेसोनाइड, आणि नंतर चूळ आणि मास्कखालचा चेहरा धुणं. तुमचं मशीन कॉम्प्रेसरचं, आवाज करणारं आहे ना ते बघा. आवाज न करणारं अल्ट्रासॉनिक असेल तर त्यात बुडेसोनाइड नीट उडत नाही.

धुण्याचं फार अवघड नाही. प्रत्येक वेळी कप आणि मास्क पाण्याखाली धरा, झटका, स्वच्छ पंच्यावर हवेत वाळू द्या. दिवसाअखेर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून धुवा. उकळायचं की नाही ते माहितीपत्रकात बघा, काही कप वाकडे होतात. लांब नळी धुवायची नाही. आत ओल दिसली तर कप काढून नुसतं मशीन मिनिटभर चालवा. फिल्टर काळपट झाला की बदला, तुमच्याकडे पाचटाच्या काजळीने तो लवकर होईल.

आता निघायच्या खुणा. यातली एक दिसली तरी पुरे. एका दमात वाक्य पुरं करता येत नाही, दोन-दोन शब्द बोलतो. बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची खळगी श्वासागणिक आत ओढली जाते. ओठ निळसर. झोपाळू होतो, चिडचिड करता करता एकदम गप्प होतो. घरघर थांबली पण दम तसाच. कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर घरात असेलच, तो ९२ च्या खाली दाखवत असेल तर निघा. वर दाखवतोय पण वरची एखादी खूण आहे, तरीही निघा. घरच्या मशीनमध्ये ऑक्सिजन नसतो, ते खोलीतलीच हवा ढकलतं. दवाखान्यात तेच औषध ऑक्सिजनवर देतात, आणि मोठ्या अटॅकमध्ये फरक तिथे पडतो. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत, आणि वाटेतही, स्पेसरमधून आरामाचा पंप देत राहा. मुलाला आडवं करू नका, बसतोय तसा बसू द्या.

नणंदेच्या बाळाला हे मशीन लावू नका. सहा महिन्यांच्या बाळाची घरघर बहुतेक वेळा दमा नसते, विषाणूने बारीक नळ्या सुजलेल्या असतात, आणि त्यात या औषधाचा सहसा उपयोग होत नाही. बाळ दूध नीट ओढत नसेल, श्वास फार भरभर असेल, तर आजच दाखवा. उद्या त्याच्या डॉक्टरांनी मशीन सांगितलंच, तरी कप, नळी, मास्क त्याचा स्वतंत्र.

पाचटाचं काय करावं याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. शेजारचा फड पेटवणार ते दोन तास आधी कळलं तर मुलाला मामाकडे नाहीतर गावात नेऊन ठेवता येईल, एवढं बोलून ठेवा. शेतकरी ऐकतात, असा माझा अनुभव आहे. घरातली मच्छर अगरबत्ती आणि धूप मात्र तुमच्या हातात आहे.

कुप्यांचं शेवटचं. रिकाम्या झालेल्या कुप्या फेकू नका. एका बरणीत टाका आणि डॉक्टरांकडे जाताना बरणीच घेऊन जा. ‘अधूनमधून लागतं’ असं तुम्ही म्हणाल तेव्हा ते बरणीकडे बघतील. आणि १०८ सासूबाईंच्या फोनमध्येही टाकून द्या, फोन कसा लावायचा ते एकदा त्यांच्याकडून करून घ्या. तशी रात्र पुन्हा आली तर तुम्ही मुलाला धरून बसलेल्या असाल, फोन त्यांनाच करायचाय.